रंगूकाकीचा खुराक

रंगूबाईंच्या आणि माझ्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि तीही डोक्याएवढीच. त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजलं, कोण रुसलं आणि कोणाचं कोणाशी वाजलं, हे निमगाव केतकीत सगळ्यांत आधी मला कळतं. काही लोक याला चुगलखोरी म्हणतात. मी शेजारधर्म म्हणतो.

रंगूकाकी साठीच्या आसपासची. नक्की वय तिला माहीत नाही आणि विचारणाऱ्याची ती खैर ठेवत नाही. एके काळी या घराचा मेंढरांचा मोठा कळप होता. पुढं कालव्याचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला, मेंढरं विकली गेली आणि नवराही देवाघरी गेला. मुलगा दादासो साखर कारखान्यावर लागला. घोंगडी ट्रंकेत गेली आणि भिंतीपाशी रंगीत टीव्ही आला. एवढं सगळं बदललं, पण काकीनं सहा शेळ्या काही सोडल्या नाहीत. तिची वाटणी साधी होती. "रान दादाचं, घर सुनंचं आन शेळ्या माझ्या. माझ्या वाटणीत कुणी त्वांड घालायचं न्हाय."

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात काकीला टायफाइड झाला. महिनाभर अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा अंगावरचं लुगडं दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. तरी चार दिवसांत काठी घेऊन शेळ्यांमागं निघाली आणि कालव्याच्या पाण्याच्या चारीच्या कडेला चक्कर येऊन पडली. शेळ्या चरत राहिल्या, म्हातारी उन्हात पडून राहिली. चारीवर पाणी धरायला आलेल्या दत्तोबानं तिला पाहिलं, म्हणून बरं झालं.

त्या संध्याकाळी दादासोचा आवाज भिंत ओलांडून आला. मला कान लावायचीही तसदी घ्यावी लागली नाही.

"आई, बास झालं आता. शेळ्या इकायच्या."

"मला इक आधी."

"तुला कोण घेतंय?" दादासो म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता, पण सून संजीवनी तोंडाला पदर लावून आत पळाली.

शेवटी तडजोड झाली. दिवाळीपर्यंत काकीच्या अंगात बळ आलं, तर शेळ्या राहतील. नाही आलं, तर व्यापाऱ्याला बोलवायचं. तोवर शेळ्या संजीवनी बांधाला सोडणार. काकीनं मान डोलावली, पण ती मान 'बरं' म्हणत नव्हती, 'बघतेच' म्हणत होती.

दादासो तिला बारामतीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आजारानं अंग झडलंय, प्रोटीन वाढवा, हवं तर पावडर देऊन बघा. दादासोनं त्यातलं 'हवं तर' एवढंच नेमकं ऐकलं नाही. तिथून तो थेट औषधाच्या दुकानात गेला. मीही माझ्या कामानं बारामतीत होतो. काम काय होतं ते आता आठवत नाही, पण त्या दुकानातला प्रकार मात्र पाठ आहे.

दुकानदारानं काचेवर डबे मांडले. चॉकलेट, व्हॅनिला आणि वेलची. दादासो नवरीचा शालू निवडावा तसा डबे फिरवून फिरवून बघू लागला. काकीनं विचारलं, "ह्ये पीठ कशाचं?"

"दुधाचं आणि सोयाबीनचं, आजी. दुधात घालून प्यायचं."

"दुधाचं पीठ करायचं आन ते परत दुधातच कालवायचं? मंग आधी दुधानं काय घोडं मारलं हुतं?"

दुकानदारानं दादासोकडं पाहिलं, दादासोनं माझ्याकडं पाहिलं आणि मी रस्त्यावरच्या एसटीकडं. काकीनं किंमत विचारली. ऐकल्यावर म्हणाली, "एवढ्यात सरकी पेंडीचं आर्धं पोतं येतंय." पण तोवर चॉकलेटचा डबा पिशवीत पडला होता.

घरी आल्यावर डबा स्वयंपाकघरात न जाता शोकेसमध्ये, काचेच्या बाहुलीशेजारी बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसला पाहिजे ना. दादासो सांगायचा, "आईला प्रोटीन चालू केलंय." जसं काही घरी टेलिफोनच बसवला.

संजीवनी सकाळ-संध्याकाळ दोन चमचे पावडर दुधात घुसळून द्यायची. काकी पेला घेऊन गोठ्याकडं जायची. म्हणायची, "हितं वारा लागत न्हाय, तितं बसून पिते." पेला रिकामा होऊन परत यायचा. डबा खाली खाली चालला होता. काकी मात्र होती तशीच, किंचित अजून वाळलेली. दादासो म्हणायचा, औषधाला वेळ लागतो. मी म्हणायचो, व्हय. पण माझं नाक मला काहीतरी वेगळंच सांगत होतं. शेळीच्या गोठ्याला शेळीचा वास यावा. भिंतीपलीकडून मला वाढदिवसाचा वास येत होता.

एके दिवशी सकाळी मी भिंतीवरून डोकावलो. काकीची लाडकी शेळी चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, उभ्याउभ्या कण्हत होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि दाढीला चॉकलेट लागलं होतं.

"काकी, चांदीनं टीव्हीवरची जाहिरात बघितली काय?" मी विचारलं.

"गेण्या, दात नंतर काढ. आधी गोडं तेल आण."

मी तेल नेलं. आम्ही दोघांनी चांदीला तेल पाजलं, पोट चोळलं, उकिरड्याला फेऱ्या मारायला लावल्या. दुपारपर्यंत पोट उतरलं. तेव्हा काकीनं सांगितलं, तेही अगदी सरळ चेहऱ्यानं. त्यांच्या कळपात पूर्वीपासून एक रीत होती. घरात कुणी अशक्त झालं की एक शेळी त्याच्या नावानं बाजूला बांधायची, तिला चांगलंचुंगलं चारायचं आणि तिचं दूध फक्त त्या माणसाला द्यायचं. माणसाला बळ द्यायचं, तर आधी शेळीला द्यावं लागतं. काकीनं तेच केलं होतं. कोंड्यात प्रोटीन कालवून चांदीला आणि चांदीचं दूध आपल्याला.

"मग गुण का नाही आला?"

"यील कसा? ती आटत चालली. त्या डब्याला शेळी मानवली न्हाय."

दोष डब्याचा नाही, शेळीचा नाही आणि काकीचा तर नाहीच. तो मधल्या मध्ये कुठंतरी उडून गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. कसं कळलं ते देव जाणे. मी तर फक्त तिघांशीच बोललो होतो. दादासो कामावरून आला, तेव्हा कोपऱ्यावरच्या पोरांनी त्याला विचारलं, "दादासो, शेळीचं वजन किती वाढलं?" त्यानं गाडी अंगणात लावली नाही, आपटलीच.

"माझी इज्जत शेळीला चारलीस."

"इज्जत न्हवती ती. चॉकलेट हुतं."

"आता दिवाळी न्हाय आन काय न्हाय. ह्या बाजाराला शेळ्या जाणार."

"शब्द दिवाळीचा हाय," काकी म्हणाली. "शब्द मोडायचा असंल तर आधी मला घराभाईर काढ. मी शेळ्यांबर ऱ्हाते, पालाखाली. जल्म तितंच झालाय माझा."

दादासो हातपाय धुवायला न्हाणीत निघून गेला. आईला पालाखाली ठेवणारा कारखान्याचा कामगार, ही बातमी चॉकलेटपेक्षा लांब गेली असती.

दुसऱ्या दिवशी काकी कुणाला न विचारता एसटीत बसली. एवढी अशक्त बाई एकटी जातेय म्हटल्यावर मी मागोमाग चढलो. शेजारधर्म. डॉक्टरांपुढं तिनं सगळं सांगून टाकलं, शेळीसकट. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, बाईची दया आली. मग खांदे हलताना दिसले.

"आजी, प्रोटीन तुमच्या पोटात गेलं पाहिजे. शेळीच्या पोटातून गाळून आलेलं चालणार नाही."

"ते कळलं. पर ते डब्यातलंच पायजे का?"

"असं कोण म्हणालं? तोंडाला चव नसली, जेवण जात नसलं की पावडर सोयीची पडते, म्हणून मी 'हवं तर' म्हणालो होतो. तुम्ही काय काय खाता? अंडी?"

काकीनं गळ्यातली तुळशीची माळ पुढं केली.

"बरं. अंडी राहू द्या. फुटाणे? शेंगदाणे? डाळी?"

"दात न्हाईत. फुटाणं कुणाच्या बानं चावायचं?"

"मग दळा. फुटाण्याचं आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं पीठ करा, दुधात घुसळा आणि प्या. रोज दोनदा. वरणही दाट खायचं, नुसतं पाणी नाही. पण एक अट. दूध उकळून घ्यायचं. धारेचं कच्चं नाही."

इथं काकी अडली. जन्मभर तिनं दूध धारेचं प्यायलेलं. ती म्हणाली, उकळलं की दूध मरतं. डॉक्टर म्हणाले, नाही उकळलं तर कधीतरी माणूस मरतो, आत्ताच एक ताप काढलाय ना? कुणीच हटेना. बाहेर पेशंट खोकायला लागले. शेवटी काकीनं विचारलं, "उकळलं आन पीठ पिलं, तर दिवाळीपातूर शेळ्यांमागं चालीन?"

"चालाल. पण आधी शेळ्यांशिवाय चाला. रोज थोडं थोडं."

"मंग उकळते," काकी म्हणाली. तिला कोणापुढं नमतं घेताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही तिनं असं घेतलं, जसं काही डॉक्टरांवरच उपकार केले.

येताना बारामतीच्या पेठेतून फुटाणे घेतले. डाळं नको, सालीसकटच हवेत, असा हट्ट. संजीवनीनं ते मिक्सरला लावले. पहिल्या दिवशी पीठ जास्त पडलं आणि पेल्यात लापशी झाली. दुसऱ्या दिवशी गूळ एवढा पडला की मुंग्यांनी पंगत मांडली. तिसऱ्या खेपेला संजीवनीनं हातात रवी घेतली, फेस येईपर्यंत घुसळलं, नखाएवढा गूळ आणि चिमूटभर सुंठ टाकली. काकी प्यायली. पेल्याचा तळ बोटानं पुसून चाटला. मग म्हणाली, "सूनबाई, एवढी अक्कल हुती तर इतकं दीस कुठं ठेवली हुतीस?" सासूच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक आमच्या गावात आजवर कुणी ऐकलेलं नाही.

आता गोठ्याकडं जाऊन पिणं बंद झालं. काकी सकाळी पेला घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि दादासो निघायची वाट बघायची. त्यानं गाडी अंगणात काढली, किक मारली की ही पेला तोंडाला लावायची आणि एका दमात रिकामा करायची. ओठांवरची पांढरी मिशी पुसून म्हणायची, "हं. जा आता." दादासो जायचा. रोज थोडा जास्त लाल होऊन.

पेला संपला की ती काठी न घेता वडापर्यंत जायची. पुढं ओढ्यापर्यंत. मग चारीपर्यंत, जिथं पडली होती तिथं. तिथं थुंकून परत यायची.

पण दादासोही तिच्याच पोटचा. दिवाळी तोंडावर आली, तेव्हा भिगवणकडचा मोहनराव नावाचा शेळ्यांचा व्यापारी त्यानं न सांगता घरी आणला. भीती त्याच्याही पोटात होतीच. आई उन्हात पडलेली त्यानं दत्तोबाच्या बैलगाडीतून उतरवून घेतली होती. पण ते त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो भाव बोलत होता.

आमच्याकडं शेळीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात जातात, बोटं धरली जातात, बोटांनीच मागणी आणि बोटांनीच नकार. बघणाऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसतो. मोहनरावानं रुमाल काढला. दादासोनं हात खाली घातला. मी दगडावर चढून भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून उभा होतो, बाल्कनीत बसल्यासारखा.

तेवढ्यात काकी उंबऱ्यावरून उठली. पेला खाली ठेवला. दादासोचं मनगट धरून त्याचा हात रुमालाखालून बाहेर काढला आणि आपला आत घातला.

"शेळ्या माझ्या. भाव मी करणार."

मोहनराव हसला. "करा की, मावशी."

रुमाल एकदा हलला. मग हलायचा थांबला. मोहनरावाचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं खांदा मागं घेतला, पण हात मागं येईना. कपाळावर घाम आला. काकी त्याच्याकडं शांतपणे बघत होती, जशी ती धार काढताना बघते.

"मावशी, किती बोटं हैत ही?"

"सगळी."

"ह्यो भाव हाय का मारामारी?"

"तुमी सांगा."

तिनं सोडलं, तेव्हा मोहनरावानं रुमाल हाताला गुंडाळला. दादासोला म्हणाला, "म्हातारीच्या अंगात बळ न्हाय म्हनून इकतोय म्हनलास. माझ्या बोटांना इचार. हा सौदा व्हायचा न्हाय." चहासाठीसुद्धा थांबला नाही.

अंगणात मायलेक दोघंच उरले. म्हणजे मी, संजीवनी आणि अर्धी गल्ली सोडून. काकीनं शेळ्यांची दावी सोडायला सुरुवात केली.

दादासोनं तिनं खाली ठेवलेला पेला उचलला. मग अगदी हळू म्हणाला, "आन परत पडलीस तर?"

काकीनं दावं खांद्यावर टाकलं. "पडीन की. माणूस हाय, पडंल. उचलाया शेळ्या न्हाईत यायच्या. तू ये."

ती निघाली. शेळ्या पुढं, चांदी सगळ्यांत पुढं. दादासोनं गाडीला किक मारली, बंद केली, स्टँडला लावली आणि कामाच्या बुटांनी, चिखल तुडवत तिच्या मागं निघाला. अंतर ठेवून, शिव्या घालत, चारीपर्यंत. काकीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पण तिची चाल मात्र जरा मंद झाली होती, कारखान्यातल्या माणसाला चालायची सवय नसते म्हणून.