वरच्या मजल्यावरचं दाण्याचं कूट

आधी चहा संपवा, मग ऐका. मध्येच ठसका लागला तर मला बोल लावाल. माझी जी शोभा झाली ती मी स्वतःच सांगितलेली बरी. बायको सांगायला बसली की ती फार रंगवते.

तर मी मूळचा सांगलीचा, सध्या मुक्काम चंडीगड. माझं काम कंप मोजायचं. पंप, पंखे, मोठाल्या मोटारी कुठे थरथरतात ते यंत्र लावून बघायचं आणि दोष नेमका कशात आहे ते सांगायचं. दुसऱ्यांच्या हाताला जाणवत नाही ती थरथर मी पकडतो. हे वाक्य मी पूर्वी चारचौघांत मोठ्या ऐटीत टाकायचो. आता जरा जपून टाकतो.

आम्ही सेक्टर बावीसमध्ये एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली आमच्या घरमालकीणबाई, गुरमीत आंटी; ओवी त्यांना बीजी म्हणते. माझी बायको मृणाल मोहालीत एका औषधकंपनीत आहे. गेल्या हिवाळ्यात कंपनीने तिला काही महिन्यांसाठी हैदराबादला पाठवलं आणि घरात उरलो मी आणि आमची सात वर्षांची ओवी. ओवीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र हिंदीत येतं. मी सांगलीहून प्रश्न विचारतो, ती चंडीगडहून उत्तर देते. आमचं छान चालतं.

आई हैदराबादला गेल्यावर ती तिच्या खोलीतून माझ्या शेजारी झोपायला आली, आणि तेव्हा मला कळलं की ही पोरगी झोपतच नाही! दिवा मालवला की हिचे पाय सुरू. पांघरुणात सायकल चालवल्यासारखे. उताणी होते, पालथी होते, पाय भिंतीला लावते, उठून खोलीत दोन फेऱ्या मारते, परत येते. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "पप्पा, टांगों के अंदर गुदगुदी होती है. लेकिन हँसी नहीं आती."

आता याला औषध काय? मी आपला म्हणालो, "पाय हलवू नकोस, शांत पड, झोप येईल." लहानपणी आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मला हेच सांगायचे. जेवताना, अभ्यासाला बसलो की, अगदी देवळात कीर्तनाला बसलो तरी मागून आवाज यायचाच, "पाय हलवू नकोस." ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून तर आज तुम्हाला किस्सा ऐकायला मिळतोय.

मग उपाय सुरू झाले. पोटऱ्यांना ओढणी गुंडाळून झाली. खोबरेल तेल चोळायचं ठरवलं, तर चंडीगडच्या थंडीत बाटलीतलं तेल दगड झालेलं. ते वितळवेपर्यंत पोरगी चिडून रडायला लागली. गोष्टी सांगून झाल्या. गोष्ट संपायची, मी झोपायचो, ही जागी! कधीतरी डोळा लागायचा, तर मध्येच पुन्हा दचकून उठायची. सकाळी शाळेत बाईंसमोर डुलक्या.

बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण लक्ष नाही, एका जागी बसत नाही, जरा शिस्त लावा. ओवी बाजूलाच उभी होती. परत येताना स्कूटरवर मागून तिने हळूच विचारलं, "पप्पा, मेरी टांगें खराब हैं क्या?"

खरं सांगतो, उत्तर शोधता शोधता ट्रिब्यून चौकात मी भलत्याच वळणाला लागलो. ज्या माणसाकडे लोक बिघाड शोधायला येतात, त्याला स्वतःच्या लेकीला एवढंही सांगता येऊ नये?

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गुरमीत आंटींनी मला जिन्यात गाठलं. आंटी मोठ्या अदबीच्या. भाडेकरूला काही बोलायचं म्हणजे आधी हालहवाल, मग थंडी, मग सरसों का साग, आणि मग मुद्दा. मुद्दा असा होता:

"पुत्तर, बुरा मत मानना. तुम लोग रात को मूँगफली कूटते हो?"

मी बघतच राहिलो. पण त्यांचंही काय चुकलं? मृणालने त्यांना साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी असं सगळं खिलवलेलं. प्रत्येक वेळी यात काय आहे म्हणून त्यांनी विचारायचं आणि प्रत्येक वेळी मृणालने सांगायचं, दाण्याचं कूट. तेव्हा त्यांच्या खोलीच्या छतावर रात्रभर थांबून थांबून धप, धप असा आवाज यायला लागल्यावर त्यांनी आपला हिशोब जुळवला: मराठी माणसं दुसऱ्या दिवसाचं कूट रात्रीच करून ठेवत असणार!

मी हसलो आणि म्हणालो, नाही हो आंटीजी, आमची ओवी झोपेत पाय झाडते, ते पलंगाच्या पायथ्याच्या फळीला लागतात. आंटींना काही ते पटलेलं दिसलं नाही. "इतनी सी बच्ची?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

बघा, माझ्या अकलेची कमान कशी चढत चालली होती. शाळेत पोरीचं नाव खराब झालं होतंच, आता घरमालकिणीकडेही मी केलं. रात्री फोनवर मृणालला सांगितलं, की फळीला ठोकण्याचा जो आवाज येतो तोही हिचाच. ती म्हणाली, "ओवीचा? नक्की?" मी म्हणालो, अगं, कंप मोजणं हा माझा धंदा आहे. ती यावर काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचं गप्प बसणं मला कळायला हवं होतं.

शेवटी मी ओवीला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई शांत, हसऱ्या. ओवीने तिची ती न हसवणारी गुदगुल्यांची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुरतं ऐकून घेतलं. पाय हलवल्यावर बरं वाटतं का, पडून राहिलं की जास्त होतं का, असं सगळं तिलाच विचारलं, मला नाही. मग म्हणाल्या, यात हट्ट नाही, शिस्तीचाही प्रश्न नाही. पायांना असं होतं, मोठ्यांना होतं तसं मुलांनाही होतं. कधी अंगात लोह कमी असतं, म्हणून रक्त तपासू. आपल्या मनाने गोळ्या द्यायच्या नाहीत. झोपायची वेळ एकच ठेवा, त्याआधी कोमट पाण्याने पाय शेका, पोटऱ्या ताणायचा व्यायाम करा, हळूहळू चोळा, आणि संध्याकाळनंतर चॉकलेट, कोला बंद.

मग त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला. "घर में और किसी को ऐसा है? यह अक्सर परिवार में चलता है."

मी ताठ बसलो. म्हणालो, नाही जी, आमच्या घराण्यात असलं काही नाही. सगळे शांत झोपणारे लोक.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की टेबलावरच्या पेनांच्या डब्यातून बारीक किणकिण येतेय. पाण्याच्या ग्लासात गोल गोल तरंग. अहो, माझा तर हातखंडाच! मी बोट वर केलं आणि म्हणालो, "मॅडम, तुमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. थरथर येतेय."

त्या म्हणाल्या, राहू द्या. पण मी कसला ऐकतोय! खिशातला एक कागद काढला, त्याची चांगली जाड घडी घातली, गुडघ्यांवर बसलो आणि टेबलाच्या पायाखाली सरकवली. किणकिण त्या क्षणी बंद. "बघा," मी खालूनच म्हणालो, "थांबली की नाही?"

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, मुलगी कोणाबरोबर झोपते? मी म्हणालो, माझ्याजवळ. "अच्छा," त्या म्हणाल्या, "एक-दो रात अलग सुलाकर देखिए."

मला वाटलं, या बाईंना आमची माया काय कळणार! आई गावाला असताना पोरीला वेगळं झोपवायचं? पण आंटींना ही हकिगत सांगितली, तर त्यांनी दुसरा विचारच केला नाही. म्हणाल्या, आज ती माझ्याजवळ झोपेल.

संध्याकाळी ओवी उशी घेऊन खाली गेली. आंटींनी सरसोंचं तेल कोमट केलं होतं, ते चोळून दिलं. त्या वासाने माझं नाक वाकडं होतं, पण ओवी मात्र पाय लांब करून महाराणीसारखी बसली होती. मी वर आलो आणि खूप दिवसांनी बिनघोर झोपलो.

सकाळी आभार मानायला म्हणून गरमागरम शिरा केला आणि ताटली घेऊन खाली गेलो. ओवी स्वयंपाकघरात पराठा खात बसली होती. चेहरा कसा टवटवीत! मी विचारलं, झोप लागली का गं? तर म्हणते कशी, गुदगुदी थोडीशी हुई, फिर बीजी ने पैर दबाए, फिर सुबह हो गई. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी आंटींच्या पाया पडायचा तेवढा राहिलो.

आंटींनी शिऱ्याचा एक घास घेतला, छान झालाय म्हणाल्या. मग चमचा खाली ठेवून त्यांच्या त्या नेहमीच्या अदबीने बोलल्या:

"पुत्तर, एक बात बताओ. बच्ची तो मेरे पास सो रही थी. ऊपर मूँगफली कौन कूट रहा था?"

मी पाण्याच्या पंपाचं नाव घेतलं. आंटी म्हणाल्या, पंप रात्री बंद असतो. मी गच्चीवरच्या माकडांचं नाव घेतलं. आंटींनी माझ्या खुर्चीखाली पाहिलं. मीही पाहिलं. टेबलावरची शिऱ्याची ताटली किणकिणत होती आणि माझा उजवा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा चालला होता.

कंप पकडणारे इंजिनिअर! कीर्तनात दादा काय सांगत होते ते मला चाळिशीच्या उंबरठ्यावर, परक्या स्वयंपाकघरात, पराठ्याच्या साक्षीने समजलं.

मला सगळ्यात लागलं ते दुसरंच. म्हणजे पोरीचा डोळा लागला की तिला लाथांनी उठवत होतो तो मी, आणि गावभर नाव खराब करत होतो तिचं! मी ओवीला विचारलं, "मी रात्री पाय झाडतो हे तुला माहीत होतं?"

"हाँ. रोज़."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने खांदे उडवले. "मुझे लगा आप मेरे लिए करते हो. ताकि मुझे अकेला न लगे."

आंटींनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मी काय केलं ते विचारू नका. एवढंच सांगतो, की उरलेला शिरा खारट लागला असता.

संध्याकाळी मृणालला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी आपल्या दोघांच्या मध्ये दुसरी रजई गुंडाळून ठेवते, ती कशाला वाटली तुला?" मी म्हणालो, शोभेला. अगं पण मला सांगायचं नाही का? तर म्हणे, सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी. तू म्हणालास, आमच्या घराण्यात सगळे शांत झोपतात.

त्यानंतरचा सगळा काळ मी हात जोडूनच आहे म्हणा ना. ओवीच्या रक्तात लोह कमी निघालं, डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं, शाळेत बाईंना मी जाऊन नीट समजावलं आणि त्यांनीही मोठ्या मनाने ऐकलं. आंटींनी कुठलीशी जुनी गादी फाडून पलंगाच्या फळीला स्वतःच्या हाताने कापूस बांधून दिला. रात्री जेवणं झाली की मी आणि ओवी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतो, मग पाय शेकतो, मग ती माझे चोळते, मी तिचे. परक्या गावात माणसाला आणखी काय हवं असतं? दादा असते तर त्यांनाही फोन करून सांगितलं असतं, की तुम्ही ओरडायचात ते पाय अजून तिथेच आहेत, फक्त आता त्यांना कोणी ओरडत नाही. आणि खरं सांगायचं तर जेवताना दादांचंही ताट किणकिणायचं.

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या वेळी मी आधीच कबूल करून टाकलं, की मॅडम, घराण्यात आहे. मीच आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, पेनांचा डबा वाजायला लागला तेव्हाच कळलं होतं, पण तुम्ही टेबल इतक्या मनापासून दुरुस्त करत होतात की सांगवेना. तुमचंही रक्त तपासून घ्या, मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

तेवढ्यात त्यांनी लिहायला हात टेकला आणि टेबल कलंडलं. पेनं घरंगळली. बाई शांतपणे म्हणाल्या, "उस दिन से हिलती है. पहले बिल्कुल ठीक थी. आपका वह काग़ज़ निकाल देंगे, प्लीज़?"

मी मुकाट्याने टेबलाखाली शिरलो. वरून ओवीचा आवाज आला, घरातल्या मोठ्या माणसाने पेशंट आणावा तसा:

"डॉक्टर आंटी, मेरी टांगें ठीक हैं. टेबल की भी ठीक थीं. आप बस पप्पा की देख लो."