बंद खोलीतली छपाई

मुलगी रस्त्यावरच्या भिंतींवर लावायची चित्रं घरीच छापते. शाई पाण्याची, त्यामुळे छपाईची जाळी नळाखाली धुतली की झालं. आज ते बघताना माझी थोरली बहीण, अक्का आठवली.

हुबळीतल्या आमच्या खोलीत ती जयंतीच्या मिरवणुकीची पोस्टरं छापायची. ओल्या शाईला धूळ चिकटू नये म्हणून दार-खिडकी बंद ठेवून, जाळी थिनरनं पुसायची.

"अक्का, वासानं डोकं फुटतंय गं."

"कसला वास? मला तर येतच नाही, नाजूकबाई!"

तिला सवय झाली असेल, असं मला तेव्हा वाटलं.

मग जेवायला बसलो. कालची आमटी आंबली होती. मी पहिल्याच घासाला तोंड धुवायला पळाले. परत आले तर अक्कानं भुरका मारून वाटी पुढे केली होती.

"छान झालीय आई, वाढ अजून."

आईनं डाव खाली ठेवला, वाटी नाकाशी नेऊन हुंगली आणि उठून बंद खिडकी सताड उघडली.