साहेब टीव्हीवर आहेत, कुकर लावू नका

गायधनींच्या घरी धाड पडली, ही बातमी आमच्या पंचवटीतल्या सोसायटीत दूधवाल्याच्याही आधी पोहोचली. चार अनोळखी माणसं काळ्या पेट्या घेऊन जिना चढताना दिसली होती, आणि माणूस जन्मभर केंद्र सरकारचा वकील. आम्हाला एवढं पुरेसं होतं. काहींना तर बरंही वाटलं. पण तासाभरात उलगडा झाला: माणसं एका वृत्तवाहिनीची होती, पेट्यांत दिवे होते, आणि ॲड. धोंडीराम गायधनी त्या दिवसापासून 'ज्येष्ठ कायदेतज्ज्ञ' झाले होते.

नोकरीत या गृहस्थांनी एकच काम निष्ठेने केलं: जामिनाला विरोध. आरोपी कोण, गुन्हा कसला, याने काही फरक पडत नसे. उभं राहायचं, 'तीव्र विरोध आहे' म्हणायचं, बसायचं. तरी जामीन झालाच, तर न्यायाधीश कच्चा. निवृत्तीनंतर विरोधाला कुणी उरलं नाही, तेव्हा ते सोसायटीच्या मीटिंगला येऊन पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला विरोध करू लागले. वाहिनीने आमची सुटका केली, हे मान्य करायला हवं.

चर्चा रोज रात्री आठला, साहेबांच्या घरातूनच. त्याआधीच घरात संचारबंदी. पंखा बंद, बेलच्या बटणावर चिकटपट्टी, आणि कुकर लावायचा नाही. कारण एकदा कुठल्याशा घोटाळ्यावर साहेब तावातावाने बोलत असताना मागे शिट्टी झाली आणि निवेदिकेला हसू आवरेना. तेव्हापासून स्वयंपाकाच्या झुंबरबाई भिजलेली डाळ समोर घेऊन साहेबांचा कायदा ऐकत बसायच्या. योगिनीवहिनी, म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती, तेवढा वेळ आमच्याकडे येऊन बसायच्या. त्यांना तो कायदा पाठ होता.

झुंबरबाई सुरगाण्याकडच्या. त्यांचा मयूर तिकडे जीप चालवतो. यंदा मजुरांनी भरलेली त्याची जीप घाटात उलटली. बरेच जण जखमी झाले, मयूरचा स्वतःचा हात मोडला, आणि पोलिसांनी जड कलम लावून त्याला आत टाकलं. सकाळी झुंबरबाई रडत आल्या, तेव्हा साहेबांनी, खोटं कशाला बोला, नीट सल्ला दिला. ब्रेक निकामी झाले होते, पोरगा पळाला नाही, आधीचा गुन्हा नाही, जामीन होणारच. फक्त सातबारा नावावर असलेला जामीनदार तयार ठेवा. झुंबरबाईंचा गावाकडचा चुलतभाऊ भिका लगेच हो म्हणाला.

त्याच संध्याकाळी वाहिनीने विषय घेतला तो घाटातल्या जीपचा. ही जीप कोणाची, हे न कळण्याइतके साहेब साधे नाहीत. पण समोर दिवा लागला, निवेदिका 'सर' म्हणाली, आणि साहेब सुटले. असल्या चालकाला जामीन म्हणजे समाजाला धोका, आणि त्याला जामीन राहायला जे पुढे येतात ना, त्यांचीही चौकशी झाली पाहिजे. भिंतीपलीकडे झुंबरबाई डाळीत हात घालून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने जामीन मंजूर केला, अगदी साहेबांनी सकाळी सांगितलेल्या कारणांवर. पण भिकानेही टीव्ही पाहिला होता. नाशिकचा एवढा मोठा वकील चौकशी म्हणतोय म्हटल्यावर तो सातबारा घेऊन शहरातल्या द्वारका चौकापर्यंत आला आणि तिथूनच माघारी फिरला. जामीन होऊनही मयूर मोडका हात घेऊन तुरुंगातच.

"साहेब, भिका नाय म्हनतो," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमीच सांगा त्याला, टीव्हीवरचा खरा नाय म्हून."

साहेबांनी सांगितलं, की संध्याकाळच्या चर्चेची तयारी चालू आहे, नंतर बघू.

तेव्हा योगिनीवहिनींनी कपाट उघडलं. फ्लॅट त्यांच्या नावावर. नोकरीत असताना साहेबांनीच हुशारीने तसा घेतलेला. कागद पिशवीत घातले, झुंबरबाईंना रिक्षात बसवलं, आणि कोर्टात जाऊन वहिनी स्वतः मयूरला जामीन राहिल्या. पोरगा सुटला.

एवढं झाल्यावर गप्प बसण्याइतके आम्ही सोशिक नाही. साहेब खाली गाडी पुसत होते. मी विचारलं, "काय साहेब, जामीनदार तर घरातच निघाला. चौकशी कधी लावताय? आणि आम्ही खरं कोणतं धरायचं, सकाळचं की संध्याकाळचं?"

साहेबांनी शांतपणे फडकं पिळलं.

"सकाळचंच," ते म्हणाले. "पण तेच संध्याकाळी सांगितलं असतं, तर मला पुन्हा कोणी बोलावलं असतं का?"