इर्याने केलेली वाटणी

इर्याने शिकारीचा परवाना काढला तो पन्नाशी उलटल्यावर. का काढला असं विचारणाऱ्याला ती सांगायची, "हरणाचं मांस आवडतं." साफ खोटं. तिला मासेच जास्त आवडायचे. तिला दिरावर, तैस्तोवर, उट्टं काढायचं होतं आणि ते घरात मोजे विणत बसून निघणार नव्हतं.

तैस्तोच्या घरचे भाऊ, जावई, चुलतभाऊ टोळी करून दर हिवाळ्यात हरणांमागे जायचे. या लोकांत नेम चुकलेल्याला माफी आहे, पण जनावर जखमी करून त्याचा माग न काढता घरी येणाऱ्याला नाही. एका हिवाळ्यात तैस्तो आणि त्याचा धाकटा भाऊ कौको यांनी दबा धरून बसायच्या शेजारशेजारच्या ठाण्यांवरून एकाच कळपावर गोळ्या झाडल्या. दोघंही म्हणाले, नेम चुकला. काही दिवसांनी शेजाऱ्याच्या शेतात पोट फुटलेली हरिणी सापडली, कावळ्यांनी अर्धी खाल्लेली. तैस्तो लगेच म्हणाला, "माझी गोळी झाडात गेली. कौकोला विचारा." कौको म्हणजे इर्याचा नवरा. स्वतःची बाजू मांडायला त्याला सलग चार वाक्यं बोलावी लागली असती, आणि तेवढं तो लग्नाच्या दिवशीही बोलला नव्हता. टोळीने त्याला काढून टाकलं, त्याने बंदूक विकली. तेव्हापासून शिकारीच्या दिवशी तो स्वयंपाकघराचा रस्त्याकडचा पडदा ओढून बसायचा.

त्या ओढलेल्या पडद्याने इर्याचं डोकं फिरायचं. नवऱ्यावर तिचा विश्वास होता. तैस्तोवर ती डूख धरून होती. टोळीत शिरल्यावर तिने हाका घालणाऱ्यांत, म्हणजे ओरडत हरणं ठाण्यांकडे पिटाळणाऱ्यांत, वर्षानुवर्षं कमरेएवढा बर्फ तुडवला. "इर्या, नवऱ्यासारखी माग सोडून येऊ नकोस हं," असं तैस्तो सगळ्यांसमोर म्हणायचा. ती हसायची आणि मनात म्हणायची, थांब लेका.

एका जानेवारीत तिला तैस्तोच्या शेजारचं ठाणं मिळालं. त्याची गोळी सुटली आणि मागोमाग धप्प असा बसका आवाज आला. गोळी अंगात शिरल्याशिवाय तो आवाज येत नाही. तरी फोनवर तैस्तो म्हणाला, "चुकला. नर होता, पळाला."

इर्या चुलतदीर एन्सिओला आणि त्याच्या आखूड पायांच्या कुत्रीला घेऊन तिथे पोचली. बर्फ सगळा उधळलेला होता.

"हे काय रे?"

"चालत होतो," तैस्तो म्हणाला. "पाय गारठले."

"गोल गोल?"

खालचं रक्त त्याने बुटाने झाकलं होतं, पण वर पाहायचं त्याला सुचलं नाही. स्प्रूसच्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर, हरणाच्या बरगडीच्या उंचीला, लाल पुसट पट्टा होता. तिथून कुत्री जी निघाली ती थेट ओढ्याकाठच्या झुडपात. नर अजून श्वास घेत होता. इर्याने त्याला एका गोळीत सोडवलं आणि बंदूक खाली न करता दिराकडे वळली. एन्सिओने कुत्रीला मागे ओढलं.

"ती हरिणीही तुझीच ना?"

तैस्तो जनावराकडे बघत राहिला. "वडील तेव्हा टोळीचे प्रमुख होते, इर्या. मला त्यांची जागा हवी होती."

"एन्सिओ, ऐकलंस? वाटणीपर्यंत तोंड उघडायचं नाही."

मांस मुरायला टांगलं. तैस्तोला वाटलं, बाई विरघळली. तो रोज सकाळी ट्रॅक्टर आणून तिच्या अंगणातला बर्फ काढून देऊ लागला. तिने नको म्हटलं नाही. कशाला म्हणेल?

वाटणीच्या दिवशी गोठ्यात फळीवर मांसाचे ढीग लागले. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, कापणाऱ्याने एकेका ढिगाला सुरी लावून विचारायचं, "हा कुणाचा?" आणि भिंतीकडून जे नाव येईल त्याचा तो वाटा. त्यावर आजवर कुणी वाद घातला नव्हता. "यंदा मी उभी राहते," इर्या म्हणाली.

सुरी एन्सिओच्या हातात होती. नावं येत गेली, ढीग उचलले गेले. शेवटचा एक उरला.

"हा कुणाचा?"

"कौकोचा."

तैस्तोचा जावई म्हणाला, "कौको टोळीत नाही. आणि आमच्या सासऱ्यांचं नाव राहिलं."

"राहिलं नाही. गाळलं," इर्या भिंतीकडे बघतच म्हणाली. "का ते तैस्तो सांगेल."

तैस्तोने एन्सिओकडे पाहिलं. एन्सिओने "मीही ऐकलंय" अशा अर्थाने मान डोलावली. मग लेकीसमोर, जावयांसमोर तैस्तोला सांगावं लागलं: हा नर, ती हरिणी, आणि भावाच्या माथी मारलेली लाज. तो पुटपुटत सांगू लागला, तर इर्या म्हणाली, "मोठ्याने. मागच्यांना ऐकू येत नाही." तिला कणभरही दया आली नाही. उलट फार बरं वाटलं.

"आता तो वाटा त्याच्या घरी पोचव. ट्रॅक्टर नको, पायी."

गावातून, सगळ्यांच्या खिडक्यांसमोरून, तैस्तो मांस खांद्यावर घेऊन चालला. इर्या मागे. कौकोने दार उघडलं. तैस्तोने तेच पुन्हा सांगितलं, दारातच, टोपी काढून.

कौकोने ऐकून घेतलं, मांस टेबलावर ठेवलं आणि सवयीने तीन कप काढले. या गावात वैऱ्यालाही कॉफीशिवाय दारातून परत पाठवत नाहीत. इर्याने शेगडीवरची किटली उचलली आणि सगळी कॉफी मोरीत ओतली.

"दार लावून घे जाताना," ती दिराला म्हणाली.

तो गेल्यावर कौकोने तिन्ही कप जागेवर ठेवले. मग त्याने विचारलं, "उद्या किती वाजता निघता तुम्ही?"

"सातला. माझ्या ठाण्यावर चल. टोळीत राहायचं तर तुझा भाऊ आता हाका घालेल."

"बर्फ फार आहे त्या बाजूला."

"माहीत आहे," इर्या म्हणाली.