हॉलंडच्या बाईची दुसरी खुर्ची

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पोशीरचे पाहुणे आले, तेव्हा मला कणगीमागं बसवलं होतं. मला खोकला झाला होता. वहिनीनं तोंडात खडीसाखर घातली आणि आवाज केलास तर बघ, असं बजावलं. बाहेर पाहुण्यांनी विचारलं, भावंडं किती. दादा म्हणाला, "दोगंच. मी आन ही."

साखर विरघळत होती आणि मी खोकला गिळत होते. त्या दिवसाचा राग मी कधी जाऊ दिला नाही.

मी लहान असताना ताप आला आणि माझे पाय गेले. बाबा होते तोवर खांद्यावर बसवून गावच्या शाळेत नेत. चौथीनंतरची शाळा खालापूरला. तोवर बाबा गेले होते आणि दादानं मला उचललं नाही. अंगानं तो चांगला दांडगा, कबड्डीतला नावाजलेला गडी. पण घरात अधू माणूस आहे हे कळलं की सोयरीक मोडते, म्हणून आधी मला लपवलं, आणि लग्नानंतर लांबची नातलग म्हणून दाखवलं. बहिणीचा नवरा घरी आला की मला मावशी म्हणे. बहीण खाली बघे.

पुढं कुंभिवलीजवळ कारखाना आला. तिथल्या गेस्ट हाऊसात तांदूळ आणि भाजी निवडायला बाई हवी होती. बसून करायचं काम, म्हणून मला मिळालं. कारखान्याचा टेंपो नेई-आणी. बहिणीचा नवराही त्याच कारखान्यात लागला होता. तो दिसला की मी पदर पुढं ओढायची.

एका हिवाळ्यात तिथल्या हॉलंडच्या साहेबाची बहीण आली. तिचेही पाय गेलेले होते. चाकांच्या खुर्चीत बसून ती टेनिस खेळायची आणि त्यासाठी देशोदेशी जायची. साहेबाचा ड्रायव्हर तिचं बोलणं आम्हाला सांगे. मोटारीनं उडवल्यावर हॉस्पिटलात हातांना बळ यावं म्हणून तिला रॅकेट दिली, ती तिनं सोडलीच नाही. तिच्या गावच्या क्लबानं चाकांनी जमीन खराब होईल म्हणून तिला आत घेतलं नाही. ती शाळेच्या आवारात खेळली, परदेशात जिंकून आली, आणि मग त्याच क्लबाला आपला सामना ठेवायला लावला. त्या दिवशी ती मुद्दाम चाकं घासत वळत होती, असं म्हणाली. आणखी एक सांगितलं. सुरुवातीला चेंडू हुकला तरी लोक टाळ्या वाजवत. ती जिंकायला लागली तशा टाळ्या कमी झाल्या, आणि तेव्हापासून तिला खेळ आवडायला लागला.

ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही. मला ते चांगलं समजलं.

मी हातांवर घसटत जाताना ती माझे खांदे बघायची. तिच्याकडं दोन खुर्च्या होत्या. एक दिवस तिनं मला दुसरीत बसवलं. काम संपल्यावर सिमेंटच्या कोर्टावर आम्ही खेळू लागलो. चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतात, हे तिनं आधी शिकवलं. जन्मभर हातांनी फिरलेली मी, मला चाकं लवकर वळली.

कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमाला गावोगावची मंडळी बोलावली होती. दादा पुढच्या रांगेत होता, वहिनी बायकांत, बहिणीचा नवरा कामगारांत. आम्हा दोघींचा खेळ झाल्यावर बाईनं विचारलं, कुणाला खेळून बघायचंय का. दादा उठला. "बसून खेळायचं ना? त्यात काय हाय?" लोक हसले. बाईनं तिची खुर्ची त्याला दिली.

कबड्डीचा गडी मैदानात उतरताना जमिनीला हात लावून कपाळाला लावतो. दादा बसल्या बसल्या तसाच पुढं वाकला. खुर्ची कलली आणि तो सिमेंटवर पालथा पडला. पायांवर उभा राहून त्यानं गुडघे झाडले आणि पुन्हा बसला. मागं हटणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मी एक चेंडू जवळ टाकला, दुसरा लांब. तो डावीकडं जायला बघे, खुर्ची उजवीकडं जाई. त्याचे तळहात सोलले. हसणारे लोक हळूहळू गप्प झाले. मी थांबले नाही.

जाळीपाशी येऊन तो हळू बोलला, "बास कर गं. जावई बगतायत."

मी लोकांसमोर कधी बोललेली नव्हते. तरी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी तुजी कोन, ते सांग. मग थांबते."

मी चेंडू मारला, त्याच्या हाताला लागणार नाही असा. मग आणखी एक.

"बहीन हाय," दादा म्हणाला. "माज्या पाठची."

बहिणीचा नवरा चहाचा कप धरून उभा होता. त्यानं कप खाली ठेवला आणि निघून गेला. आठवडाभरानं बहीण रडत आली. सासू घालून पाडून बोलते, तू माझं वाटोळं केलंस, म्हणाली. मी तिला एवढंच विचारलं की त्या दिवशी कणगीमागं मी आहे हे तिला ठाऊक होतं की नव्हतं. ती खाली बघायला लागली. दादाच्या तळहातांना वहिनी हळद-तेल लावत होती. ते मला दिसावं म्हणून मी मुद्दाम समोर जेवायला बसायची.

हॉलंडची बाई गेली. दुसरी खुर्ची मला ठेवून गेली.

पुढं दादाच्या मुलीला बघायला पळसदरीचे पाहुणे आले. वहिनी माझ्याकडं आली, पण कणगीचं नाव तिनं काढलं नाही. मी खुर्चीतून ओटीवर आले आणि पाहुण्यांच्या समोर बसले. दादाच्या भावंडांची चौकशी निघाली तेव्हा मी खोकायला सुरुवात केली. खोकला झालेला नव्हता. दादा माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आमी तिगं."

मुलीचं जमलं. मोडलं असतं तरी मी खोकलेच असते.