मधल्या बर्थचा हुक

गेल्या हिवाळ्यात मी आयुष्यात सर्वांत जास्त घाबरलो, आणि तेही एका बाकाला. मीच बनवलेल्या.

मी तसा भित्रा माणूस नाही. बत्तीस वर्षं रेल्वेत डब्यांचा फिटर होतो, त्यातली शेवटची वीस जयपुरात. डब्याखाली उताणं पडून कामं केली, तेव्हा कधी छाती धडधडली नाही. निवृत्तीनंतर अकोल्याला परत जायचं म्हणत म्हणत विद्याधर नगरातच राहिलो, कारण मुलीची नोकरी इथली. माझं बोलणं तिरसट आहे, हात मात्र चांगला आहे, असं सगळे म्हणायचे. त्या हातावर माझा फार विश्वास होता.

त्याआधीच्या वर्षी बायको रेल्वेतून उतरताना पडली. छोटं स्टेशन होतं, पायरी आणि फलाट यांत चांगलंच अंतर होतं. मी आधी उतरलो. तिने वरून बॅगा दिल्या, मी एकेक करून खाली घेतल्या. शेवटची बॅग कलंडत होती म्हणून ती सरळ करायला मी वळलो, आणि मागे धप्पकन आवाज झाला. मणक्याला चीर गेली. चार महिने ती अंथरुणावर होती. त्या चार महिन्यांत एकदाही तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भांडून तरी मोकळा झालो असतो.

ती वॉकर धरून चालू लागली तेव्हा तिला एकच ध्यास होता, अकोल्याला जायचं. तिची थोरली बहीण तिथे आजारी होती. आई लवकर गेली तेव्हा याच बहिणीने तिला वाढवलं, वेणीफणी केली, शाळेत घातलं. आता बहीणही अंथरुणाला खिळली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "कवा येतं वं?" आणि बायको म्हणायची, "येतो ना, आता येतोच."

खिशात रेल्वेचा फुकट पास होता, पण ती डब्याच्या पायरीकडे नुसतं पाहिलं तरी थरथर कापायची. डॉक्टरांनी मोटारीने जायची परवानगी दिली, ती अशी: अर्धा तास बसायचं, मग आडवं व्हायचं, आणि कंबरेला झटका बसता कामा नये. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पुन्हा तिथेच मार लागला तर पाय जाऊ शकतात." ते मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

मुलीने एक जुनी छोटी व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून मी तिथे बसायला बाक आणि झोपायला पलंग, असं एकातच करायचं ठरवलं. पहिला सांगाडा लोखंडी अँगलचा केला. तो मला आणि मुलीला मिळून उचलेना. बायको दारात वॉकर धरून उभी होती.

"अहो, हे काय मालगाडी बांधून राह्यले काय तुम्ही?"

मी चिडलो, पण तिचं खरं होतं. पलंग दर अर्ध्या तासाला उघडायचा, मिटायचा. माझा उजवा खांदा कामातून गेलेला, म्हणजे मुलीला एकटीला ते जमायला हवं. मग खातीपुऱ्याच्या एका दुकानातून ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप आणले, वर पातळ प्लायवूड, त्यावर फोम. बसायची फळी पुढे ओढली की पाठीची फळी मागे आडवी व्हायची आणि सपाट पलंग तयार. दोन्ही फळ्यांचा सांधा मधोमध, झोपणाऱ्याच्या कंबरेखाली यायचा. त्या सांध्याचा भार दोन बाजूंच्या दोन हुकांवर होता.

हुक मी स्लीपर डब्यातल्या मधल्या बर्थसारखे केले. सांध्याला जोडलेल्या साखळीचं टोक हुकात वरून अडकवायचं, माणूस झोपला की त्याच्या वजनानेच ते घट्ट बसतं. असे हुक मी हजारोंनी लावले असतील. मुलीने एका हाताने पलंग उघडून दाखवला तेव्हा मला इतका आनंद झाला, की बायकोला म्हणालो, "चल, बगरूपर्यंत चक्कर मारून येऊ." गादीच्या खोळीसाठी तिथल्या छापाचं कापड आणायचंच होतं.

ती जागची हलली नाही. "पास कोनं केलं?"

आमच्या वर्कशॉपमध्ये एक शिस्त होती. ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही. दुसऱ्याने येऊन तपासायचं, ओढून-ठोकून बघायचं आणि मग डब्यावर खडूने बरोबरची खूण करायची. जेवताना मी हे इतक्यांदा सांगितलं होतं, की तिला पाठ होतं.

"मी केलं," मी म्हणालो. "इथे दुसरा फिटर कुठून आणू?"

"बनवनाऱ्यानं पास करू नाई, हे तुम्हीच सांगता. आज माह्या जागी गव्हाची गोनी न्या."

मी जाम भडकलो. माझ्या हातावर कुणी शंका घेतलेली मला खपत नाही. पण गोणी नेली. पन्नास किलोची, जवळपास तिच्याच वजनाची. पलंगावर मधोमध लांबीत झोपवली आणि मी शेजारी जमिनीवर बसलो. मुलगी गाडी चालवत होती. रस्ता गुळगुळीत होता, गोणी ढिम्म हलली नाही. मी मनातल्या मनात बायकोला चार शब्द सुनावत होतो.

बगरू गावात शिरताना स्पीडब्रेकर आला. वेग फार नव्हता. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची चढली आणि गाडीतलं सगळं क्षणभर वर उचललं गेलं. मी, गोणी, फळ्या, सगळंच. हलका सांगाडा तर टुणकन उडाला. दोन्ही साखळ्या हुकातून सुटल्या आणि मधला सांधा धाडकन खाली गेला. गोणी मधोमध दुमडली, गाडीच्या पत्र्याच्या कडेला फाटली आणि गहू भळाभळा वाहू लागला.

मुलगी गाडी थांबवून मागे आली. "पप्पा, मतलब... मम्मी असती तर?"

रुळांवर स्पीडब्रेकर नसतात. बत्तीस वर्षं मी अशा गाडीसाठी हुक लावले, जी डुलते, हिसके देते, पण वर उडत नाही. ही चूक जयपुरातल्या कुठल्याही सुताराने केली नसती. ती फक्त माझ्यासारख्या रेल्वेवाल्यालाच सुचू शकते. गोणी जिथे फाटली होती ती जागा मी हाताने चाचपत राहिलो.

घरी आलो तेव्हा बायको ओट्यावर बसली होती. "मंग? मी शाबूत आहो ना?"

तिने ते हसत विचारलं. मी तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं, डॉक्टर पायांबद्दल काय बोलले तेसुद्धा. आणि म्हणालो, अकोला रद्द. तिचं हसू मावळलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. बायकोने माझ्याकडे पाहतच उत्तर दिलं, "येतो ना. थोडं काम बाकी हाय."

पुढचे आठ दिवस मी भीतभीतच काम केलं. दोन्ही हुकांना वरून आडवी पिन घातली, म्हणजे साखळी उडाली तरी सुटणार नाही. सांध्याखाली घडीचा एक पाय दिला. थोडं वजन वाढलं, तरी मुलीला पेलत होतं. मग मी स्वतः त्यावर झोपलो आणि मुलीला त्याच रस्त्याने बगरूपर्यंत दोनदा नेऊन आणायला लावलं. पिना जागच्या हलल्या नाहीत. तरी मला झोप येईना. डोळे मिटले की गहू सांडताना दिसायचा. मुलगी म्हणाली, आता झालं ना सगळं? मी म्हणालो, मी पास करणार नाही.

"तुम्हाले कोन सांगतलं पास करा म्हनून?" बायको वॉकर सरकवत व्हॅनपाशी आली. तिने हुक निरखले, पिना एकेक करून ओढून पाहिल्या, वॉकरच्या पायाने सांध्याला खालून ढोसलं. मग माझ्यापुढे हात पसरला. "खडू द्या."

तिने फळीच्या कडेला बरोबरची खूण केली. जरा वाकडीच आली.

निघालो त्या सकाळी धुकं होतं. मुलगी चालवायला बसली. बायको पलंगावर आडवी झाली आणि मी पुन्हा तिच्याशेजारी जमिनीवर. फटीत गव्हाचे दोन-चार दाणे अजून अडकलेले दिसत होते. गल्लीच्या तोंडाशीच पहिला स्पीडब्रेकर आहे. तो समोर दिसला. मी वळलो आणि कंबरेपाशी असलेला हुक दोन्ही हातांनी गच्च आवळून धरला. पिन होती, पाय होता, खूण होती, तरी धरला. पुढची चाकं चढली.

"अहो," ती म्हणाली. तिचाही आवाज कापत होता. "हुक सोडा. मले धरा."

मी हुक सोडला.