पेट्रोलची नळी

पेट्रोलचा वास आला की मला पंचावन्न सालची ती दुपार आठवते. बोरिवलीच्या शाळेत माझी नोकरीची मुलाखत होती आणि गोरेगावच्या पुढे नवऱ्याची मोटरसायकल बंद पडली. तेवढ्यात त्यांच्या मोटरसायकल क्लबातले चौघे मदतीला थांबले. डोळ्यांवर गॉगल, हातात कोरे करकरीत हातमोजे आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

“कार्बोरेटर गेलाय, यार!”

“छे रे, प्लगच!”

अर्धा तास वाद झाला, पण हातमोजा एकानंही काढला नाही. मला उशीर होतोय म्हटलं, तर एक शहाणा म्हणाला, “वहिनी, तुम्ही सावलीत बसा ना. यातलं तुम्हाला काय कळतंय?”

माझे वडील टॅक्सी चालवायचे; उघडी इंजिनं बघतच मी वाढले होते. पदर खोचला, पेट्रोलची नळी काढली आणि जोरात फुंकली. कचरा उडाला, तोंड कडूजहर झालं. दुसऱ्या किकला गाडी सुरू!

चौघांनी नवऱ्याच्या पाठीवर थापा मारल्या. “झकास! केलीस ना चालू!”

आणि हे हसून म्हणाले, “थँक्यू, थँक्यू.”

नोकरी मिळाली. तेव्हा राग त्या चौघा दीडशहाण्यांचा आला होता. आता त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. यांचं ते हसू मात्र अजून डोक्यात जातं.